पडद्याआडचं मत

निर्मलाकाकूंसमोर कुणी "हात वर करा" म्हटलेलं त्यांना खपत नसे. हे मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाला. न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बारा मुलं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "हँड्स अप फॉर पिझ्झा!" आणि भराभर हात वर गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या काकू उठल्या. तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. त्यांनी टेबलावरचे पेपर नॅपकिन घेतले, त्यांचे सारखे तुकडे केले आणि प्रत्येक पोराच्या हातात एकेक दिला.

"पिझ्झा की नूडल्स, लिहा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. घडी घालून या वाटीत टाका."

"काकू, इट्स जस्ट पिझ्झा!" माझी मुलगी वैतागून म्हणाली.

"पिझ्झावरच शिकायचं असतं गं. पुढे उशीर होतो."

चिठ्ठ्या उघडल्या तर नूडल्स जिंकले होते. वाढदिवस जिचा तिचा हात वर गेला म्हणून बाकीच्यांचे गेले होते. माझी मुलगी रडकुंडीला आली. काकूंनी तिला जवळ घेतलं, पण निकाल बदलू दिला नाही. पिझ्झा दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आल्या.

मूळच्या त्या सोलापूरच्या. सत्तरच्या सुमारास डॉक्टर होऊन इकडे आल्या, भूलतज्ज्ञ झाल्या आणि पस्तीसेक वर्षं न्यू जर्सीतल्या इस्पितळांत लोकांना झोपवत आणि जागं करत राहिल्या. त्या धंद्याची एक खोड त्यांना कायमची लागली होती. समोरचा बोलत असला की त्या त्याच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत. मध्येच म्हणत, "श्वास सोड. सोड आधी, मग बोल." मी नागपूरहून व्हिसावर आलेला, नवीन, कायम धास्तावलेला माणूस. हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे.

लग्न त्यांनी केलं होतं एका ग्रीक माणसाशी. स्पीरो त्याच इस्पितळात एक्स-रे काढायचे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना स्पीरोकाका म्हणत आणि काकूंना पाठीमागे 'ग्रीक काकू'. पण काकू स्वतः ग्रीक सासऱ्यांचा उल्लेख करत तो 'मामंजी' म्हणून. "आमच्या मामंजींना कॉफी उकळलेली लागायची," असं त्या सांगू लागल्या की नवख्या माणसाला वाटे, मामंजी साताऱ्याकडचे असावेत. मग पुढच्याच वाक्यात ऑलिव्हची झाडं यायची आणि ऐकणारा गोंधळायचा.

या मामंजींची गोष्ट काकूंनी मला गाडीत सांगितली. मोतीबिंदूनंतर त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं. शनिवारी मी त्यांना ओक ट्री रोडवर भाजीला नेत असे. असंच एकदा लाल सिग्नलला थांबलो असताना मी विचारलं, "काकू, तुम्हाला हात वर केलेले इतके का टोचतात?"

"मामंजींमुळे," त्या म्हणाल्या, आणि सिग्नल सुटला तरी बोलत राहिल्या.

ग्रीसमध्ये राजा हवा की प्रजासत्ताक, हा प्रश्न एका शतकात लोकांना पुन्हा पुन्हा विचारला गेला. राजा आला, गेला, परत आला, परत गेला. मामंजींच्या वाट्याला यातली चार मतदानं आली. १९३५ मध्ये ते गावातल्या शाळेत मास्तर होते, वय सत्तावीस. सत्ता बळकावलेल्या सेनानींनी प्रजासत्ताक आधीच बरखास्त करून टाकलं होतं आणि मग लोकांना विचारलं होतं, राजा परत हवा का. मतदानाला दोन रंगांच्या चिठ्ठ्या होत्या. निळी राजाची, लाल प्रजासत्ताकाची.

"रंग कशाला असतात?" काकूंनी मला विचारलं. "दुरून दिसावेत म्हणून. पेटीशेजारी बंदूकवाले उभे. मामंजींनी लाल उचलली. शाळेबाहेर आले तर चौकात चौघांनी धरलं. डाव्या कानानं त्यांना मरेपर्यंत ऐकू आलं नाही."

"आणि निकाल?"

"देशात शंभरातली जवळजवळ अठ्ठ्याण्णव मतं राजाला. आणि गावात लाल चिठ्ठ्या किती, माहितेय? शून्य. फळ्यावर तसं लिहिलं होतं. म्हणजे मार खाल्ला त्या मतासाठी, आणि ते मत मोजलंच नाही. मार खाल्ल्याचं त्यांना फारसं वाटायचं नाही रे. त्या शून्याचं वाटायचं."

त्यांची मास्तरकी गेली. महायुद्ध झालं. सेहेचाळीस साली पुन्हा मतदान झालं तेव्हा सासूबाईंनी दारात आडवं उभं राहून त्यांना विनवलं, "जाऊ नका." ते गेले. राजा जिंकला. गंमत म्हणजे सासूबाई स्वतः राजाच्या बाजूच्या होत्या. राजाचं वर्तमानपत्रातलं चित्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मामंजी रोज त्याच कपाटातून शर्ट काढायचे आणि कधी काही बोलले नाहीत.

मग लष्करी हुकूमशहा आले, राजा परदेशी पळाला आणि त्र्याहत्तर साली त्याच हुकूमशहांनी लोकांना विचारलं, प्रजासत्ताक हवं ना? त्याचे अध्यक्ष अर्थात आम्हीच. स्पीरोंनी इथून ट्रंक कॉल केला. आयुष्यभर ज्यासाठी मार खाल्ला ते बाबांना आता आयतं मिळतंय, असं त्यांना वाटलं होतं. तिकडून बाबा म्हणाले, "मी 'नाही' म्हणून आलो."

"स्पीरो इतका चिडला," काकू म्हणाल्या. "म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाला. मीही तसंच म्हटलं तेव्हा. मला कळलं ते पुढच्या वर्षी, मतदानाला पडदा लागला तेव्हा."

पुढच्या वर्षी हुकूमशहा कोसळले आणि डिसेंबरात शेवटचं मतदान झालं. तेव्हा काकू आणि स्पीरो गावीच होते. लेक इलेनी काकूंच्या पोटात होती. या वेळी शाळेत पडदा लावलेला होता. सहासष्ट वर्षांचे मामंजी पडद्याआड गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. रांगेतले लोक कुजबुजू लागले. काकूंना वाटलं, चक्कर आली की काय. शेवटी ते बाहेर आले, लिफाफा पेटीत टाकला आणि सासूबाईंची वाट बघत उभे राहिले. दोघं बरोबर घरी आले आणि सासूबाईंनी कॉफी टाकली.

"मी मूर्खासारखं विचारलं, मामंजी, कुणाला दिलंत? अख्ख्या गावाला माहीत होतं ते कुणाला देणार. तर माझ्याकडे बघून म्हणाले, 'सांगायचंच असतं, तर पडदा कशाला लावला?'"

संध्याकाळी फळ्यावर आकडे लिहिले. देशात प्रजासत्ताक जिंकलं, पण त्या गावात जास्त मतं राजालाच पडली होती. मामंजींना त्याचं काही नव्हतं. खालचा, हरलेला आकडा ते कितीतरी वेळ बघत उभे होते. एकोणचाळीस वर्षांनी त्या फळ्यावर शून्य नव्हतं.

हे सगळं ऐकताना मला ती एक लांबची, जुनी, परदेशातली गोष्ट वाटली होती. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची वार्षिक सभा झाली आणि ती माझ्या अंगावर आली.

मंडळाचे संस्थापक विनायककाका. काकूंच्याच वयाचे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी दहा कुटुंबं गोळा करून गणपती बसवला. पुढे एक जुनं चर्च विकत घेऊन त्यात मंडळाचा हॉल केला. मंडळाच्या घटनेत त्यांचं नाव तहहयात अध्यक्ष म्हणून लिहिलेलं होतं. माणूस उमदा. स्पीरोकाकांची मूत्रपिंडं गेली तेव्हा दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, विनायककाका त्यांना स्वतः गाडीतून डायलिसिसला नेत. काकूंचं आणि त्यांचं अरेतुरेचं नातं होतं. पण विनायककाकांची एक सॉफ्टवेअर कंपनीही होती आणि मंडळाच्या सभासदांपैकी निम्मे तरी त्या कंपनीच्या व्हिसावर होते. मीही. माझं ग्रीन कार्ड त्यांच्या सहीवर अडकलेलं. त्यातून मी मंडळाचा सेक्रेटरी.

त्या वर्षी काही तरुण सभासदांनी ठराव आणला. अध्यक्ष दर दोन वर्षांनी निवडून द्यावा. घटनेत लिहिलं होतं, 'सभासदांच्या मताने', एवढंच. मत कसं घ्यायचं, हे नव्हतं. सभेच्या आधी आठ दिवस कंपनीच्या किचनमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कॉफी ओतून घ्यायची आणि निघायचं. माझी बायको स्वाती मला रोज विचारायची, "तू काय करणार?" मी रोज म्हणायचो, "बघू."

सभेला दीडशेच्या आसपास माणसं होती. मागच्या टेबलांवर जेवणाचे ट्रे येऊन पडले होते. ठराव वाचून झाला. विनायककाका माइकपाशी आले आणि हसून म्हणाले, "हे बघा, आपण घरचीच माणसं. लांबड नको, जेवण गार होतंय. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. मंदार, तू मोज."

मी स्टेजवरून खाली उतरलो. तेव्हा माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. कंपनीची एचआर मॅनेजर तिथे वही आणि पेन घेऊन उभी होती. विनायककाकांनी तिला सांगितलं होतं की तिचं तिनेच ठरवलं होतं, मला कधीच कळलं नाही. पण ती उभी आहे, हे हॉलमधल्या प्रत्येकाने वळून पाहिलं. एकही हात वर गेला नाही. ज्यांनी ठराव आणला होता त्यांचाही नाही. एका माणसाचा कोपरापर्यंत उचललेला हात डोकं खाजवून खाली आला.

"थांब, विनायक."

तिसऱ्या ओळीतून काकू उठल्या होत्या. काठी खुर्चीला लावून ठेवली होती, ती पडली. कुणीतरी उचलून दिली.

"मत गुप्त घ्यायचं."

"अगं, कशाला? इथे काय सरकार पाडायचंय?"

"मग तर सोपं आहे. दहा मिनिटं लागतील."

विनायककाकांचं हसू गेलं. माइक चालूच होता. "निर्मला, चाळीस वर्षांत तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच म्हणते. तुझ्यासमोर ज्यांना 'नको' म्हणता येत नाही, त्यांचं 'हवं' घेऊन तू करणार काय?"

 विनायककाका माझ्याकडे बघत होते, सेक्रेटरी म्हणून मी काहीतरी म्हणावं म्हणून.  मी म्हणालो, "घटनेत हात वर करायचेच असं काही लिहिलेलं नाही, काका." एवढंच.  त्यांनी माइक सोडला नाही. शेवटी पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी उषाकाकू हळूच म्हणाल्या, "घेऊ द्या ना हो." तेव्हा ते माइकपासून बाजूला झाले.

मग काकूंनी सूत्रं हातात घेतली, ऑपरेशन थिएटरमध्ये घेत असाव्यात तशी. पुलावाचा एक ट्रे रिकामा करवला, पुसवला, वर फॉईल ताणून बसवलं आणि सुरीने मध्ये चीर पाडली. पोरांच्या चित्रकलेच्या स्पर्धेतले कोरी कार्डं होती, ती सारखी कापवली. कुणीतरी 'हो' आणि 'नाही' लिहायला सांगू लागलं, तर म्हणाल्या, "अक्षर ओळखू येतं. ठरावाच्या बाजूने गोल, विरुद्ध फुली. पेन सगळ्यांना एकच." कोट टांगायची जागा होती, तिला पडदा होता. एकेकाने आत जायचं, कार्डावर खूण करायची, घडी घालायची आणि बाहेर येऊन ट्रेमध्ये टाकायची.

एचआर मॅनेजरपाशी त्या स्वतः गेल्या. "तूही सभासद आहेस ना? मग लाइनीत उभी राहा. वही खुर्चीवर ठेव."

तिने ठेवली.

दहा मिनिटांचं काम तासभर चाललं.  विनायककाका रांगेत उभे राहिले, आत गेले, बाहेर आले. काकूही गेल्या. माझी पाळी आली तेव्हा कोटांच्या त्या दमट वासात, भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर, मी कार्ड धरून उभा राहिलो आणि मला मामंजी बराच वेळ बाहेर का आले नव्हते ते कळलं. मला कुणी बघत नव्हतं. अमेरिकेत आल्यापासून असं मला फारसं कधी वाटलंच नव्हतं. मी बाहेर आलो तर काकू समोरच. माझ्या छातीकडे बघून म्हणाल्या, "श्वास सोड आता."

मोजणी मी केली, दोन्ही बाजूंची माणसं शेजारी बसवून. ठराव अकरा मतांनी पास झाला.

विनायककाकांनी आकडे ऐकले. माइकवर येऊन ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "ठराव मंजूर झालेला आहे." मग कोट घेतला आणि न जेवता निघून गेले. उषाकाकू मागोमाग. दाराशी काकू उभ्या होत्या. ते त्यांच्या अंगावरून गेले, पण थांबले नाहीत.

पुढचे दोन महिने आम्ही कंपनीत जीव मुठीत धरून होतो.  शुक्रवारी दुपारी कुणाला केबिनमध्ये बोलावलं की आम्ही स्क्रीनवरच्या कोडकडे नुसते बघत बसायचो. स्वातीने तर एक बॅग अर्धी भरून ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पण काहीही झालं नाही. कुणाला काढलं नाही, कुणाचे कागद अडवले नाहीत. माझ्या फॉर्मवर विनायककाकांची सही वेळेवर झाली. माणूस तेवढा सरळ होता. शिक्षा त्यांनी एकीलाच केली. ते काकूंशी बोलेनासे झाले.

काकूंनी फोन केले, त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेल्या तर उषाकाकूंनी दारातच घेतला आणि कसनुसं हसून म्हणाल्या, "झोपलेत." गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "सकाळी अकरा वाजता हा कधी झोपला नाही आयुष्यात." मग बाजारात गेलो. मेथी घेताना त्या दुकानदाराशी नेहमीसारख्या भांडल्या, पण पिशवी तिथेच विसरून आल्या.

एकदा मी धीर करून म्हणालो, "काकू, तुम्ही नसतं उभं राहायचं. दुसरं कुणीतरी..."

"कोण? तू?" त्यांनी लगेच माझ्या हातावर हात ठेवला. "तसं नाही म्हणत मी. तुझ्या पोटावर पाय होता. मला कुणाचा व्हिसा नको होता, मला घाबरायचं काही कारणच नव्हतं. मग मी नाही तर कोण?"

"पण तुम्ही तुमचा मित्र घालवलात."

"हो," त्या म्हणाल्या. 

पुढच्या मार्चमध्ये काकू घर विकून दूर जॉर्जियात, अल्फारेटाला लेकीकडे, इलेनीकडे, गेल्या आणि उन्हाळ्यात तिथेच वारल्या. त्या मला आठवतात त्या त्याआधीच्या जानेवारीतल्या, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या. शनिवार होता. बर्फ पडून गेलं होतं, ऊन होतं आणि सगळीकडे निसरडं झालं होतं. त्यांनी मला विनायककाकांच्या घराकडे गाडी घ्यायला सांगितली. पर्समध्ये तिळगुळाची पुडी होती.

मी मदतीला उतरू लागलो तर म्हणाल्या, "तू बस." काठी टेकत, एकेक पाऊल टाकत त्या ड्राइव्हवेवरून दारापर्यंत गेल्या. बेल वाजवली. दार विनायककाकांनीच उघडलं. गाडीच्या काचा बंद होत्या, मला ऐकू काही येत नव्हतं. काकूंनी पुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली. काहीतरी म्हणाले.  ते पुन्हा म्हणाले, या वेळी थोडं पुढे वाकून. काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. मग दोघंही तसेच उभे राहिले, ते उंबरठ्याच्या आत, त्या बाहेर थंडीत. मला वाटलं, आता दार लागणार.

विनायककाका बाहेर आले. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि पावलं जपत त्यांना गाडीपर्यंत आणलं. दार उघडलं, बसवलं, त्यांची काठी आत ठेवली, पट्टा ओढून लावला. त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे वाकून म्हणाले, "सावकाश चालव." आणि दार लावलं.

गाडी मागे घेता घेता मी विचारलं, "काय म्हणाले?"

"मी म्हटलं, तिळगूळ घे, गोड बोल. तर म्हणतो, गोड राहू दे, खरं बोल. गोल काढलास की फुली?"

"मग?"

"मग काय? नाही सांगितलं."

"काकू, एवढं सांगितलं असतंत तर..."

"तर त्याला बरं वाटलं असतं, किंवा वाईट वाटलं असतं. काहीतरी एक झालं असतं आणि संपलं असतं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पण तो मला विचारतो, मी सांगते. मग उद्या तो तुला विचारेल. तू काय करशील?"

त्यांनी कुठल्या बाजूने मत दिलं, ते मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो होतो. मी आरशात पाहिलं आणि म्हणालो, "ते अजून तिथेच उभे आहेत."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. "पायात काय आहे त्याच्या?"

"घरातल्या सपाता."

"शुगर आहे त्याला. बोटं जातील अशानं. गाडी थांबव."

मी थांबवली. मागून एक गाडी आली, आम्हाला वळसा घालून गेली. काकू समोर बघत, पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"गेला का आत?"

"नाही अजून."

इंजिन चालू ठेवून आम्ही बसून राहिलो. शेवटी आरशात ते दार लागताना दिसलं.

"गेले," मी म्हणालो.

"मग चल," काकू म्हणाल्या.